नागपुरातला पहिला हिवाळा: सकाळी फिरायला जाताना अंगावर काय असावं

मी मूळची रत्नागिरीची. आमच्याकडे स्वेटर म्हणजे डांबरगोळ्यांच्या वासासकट कपाटात पडून राहायची वस्तू. कोणी दिल्लीला निघालं की त्याला द्यायची आणि तो परत आला की पुन्हा कपाटात. बदली होऊन नागपूरला आले त्याला आता पंधरा हिवाळे झाले. मिहानमध्ये, एम्समध्ये, बँकांत नव्याने रुजू झालेली मुंबई-कोकणातली मंडळी दिवाळीत भेटतात तेव्हा हमखास म्हणतात, "नागपूर म्हणजे उन्हाळा! इथे कसले गरम कपडे?" हीच मंडळी अधिवेशनाच्या आठवड्यात, म्हणजे डिसेंबरात, फोन करून विचारतात, "जॅकेट कुठलं घेऊ?" दोन्ही वेळा त्यांचं थोडं थोडं चुकलेलं असतं.

आधी इथली थंडी समजून घ्या, कपडे नंतर. नागपूर समुद्रापासून लांब आणि समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि आकाश स्वच्छ. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. किनाऱ्यावरची दमट हवा ती ऊब धरून ठेवते, इथे धरायला कोणी नाही. त्यात उत्तरेकडचा वारा सुटला की पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि त्याच दिवशी दुपारी सत्तावीस-अठ्ठावीसवर असतो. आकाशात ढग आले तर गणित उलटं होतं: पहाट जरा उबदार, पण दिवसभर हुडहुडी. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश नोंदले गेले. त्याआधीचा नीचांक १९३७ च्या जानेवारीतला, ३.९ अंश. २०१८ च्या त्या सकाळी मी फुटाळा तलावावर होते. यात शहाणपणा काही नव्हता, नुसती सवय.

आणखी एक. सगळ्यांत जास्त थंडी मध्यरात्री नसते, सूर्योदयाच्या सुमाराला असते. जानेवारीत इथे सूर्य पावणेसातनंतर वर येतो. म्हणजे सहाला घरातून निघालात तर पहिला पाऊण तास थंडी वाढतच जाते आणि साडेआठला परत येताना तेच कपडे अंगावर नकोसे होतात. त्यामुळे 'किती गरम कपडे' या प्रश्नाला इथे फारसा अर्थ नाही. 'कुठला कपडा कधी काढता येईल' हे विचारा.

हे मला शिकवलं माझ्या पहिल्या हिवाळ्याने. सुती टी-शर्ट, त्यावर जाडजूड हायनेक स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला माकडटोपी, अशी मी लॉ कॉलेज चौकातून फुटाळ्याकडे निघाले. आमच्या फिरायच्या गटातल्या एका काकांनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, फिराले चालल्या का लडाखले?" मी हसून सोडून दिलं. वीस मिनिटांत आतून घामाने चिंब झाले. स्वेटर काढायची सोय नाही, कारण आतला टी-शर्ट अंगाला चिकटलेला. फेरी संपवून सगळे तर्री पोह्याच्या ठेल्यावर थांबले. चालणं थांबलं, घाम थांबला, पण तो ओला सुती कपडा पाठीवर तसाच होता. पोह्यांची प्लेट हातात येईस्तोवर दात वाजायला लागले. थंडी बाहेरून आलीच नव्हती, ती माझ्याच टी-शर्टात साठवून ठेवलेली होती.

सुताला नागपूरच्या उन्हाळ्यात तोड नाही. ते पाणी पितं, हळूहळू सोडतं आणि अंग गार करतं. हिवाळ्यात घाम काढताना नेमकं हेच अंगाशी येतं. लोकरीचं वेगळं आहे. तिचा तंतू सरळ नसतो, कुरळा असतो. त्या कुरळेपणात हवा अडकून राहते आणि ऊब देते ती खरं तर ती अडकलेली हवा. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही आणि ओल घेताना किंचित उष्णताही सोडते. घामाचा वासही तिला लवकर धरत नाही. एक लोकरी टी-शर्ट मी तीन-चार सकाळी न धुता घालते, हे सासूबाईंना सांगितलेलं नाही.

पण कुठली लोकर? घोंगडी अंगाला लागली की टोचते हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. पावसात, रानात, जमिनीवर अंथरायला तिच्यासारखं काही नाही, उघड्या अंगावर मात्र सहन होत नाही. हे टोचणं बहुतेकदा ॲलर्जी नसते, जाड तंतूंची टोकं कातडीत रुततात एवढंच. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. तीसच्या आसपासचे तंतू टोचतात, वीसच्या खालचे मऊ लागतात. मेरिनो मेंढीची लोकर त्या खालच्या गटातली, म्हणून अंगाला लागून घालायचा कपडा मेरिनोचाच घ्यावा. लेबलवर कापडाचं वजनही दिलेलं असतं, दर चौरस मीटरला इतके ग्रॅम असं. नागपुरात पळायला-चालायला दीडशेच्या आसपासचं पुरतं. अडीचशेचं घेतलंत तर ते हिमालयातल्या ट्रेकला वापरा, इथे आठ दिवसांत कपाटात जाईल. किंमत साध्या टी-शर्टच्या कितीतरी पट असते, म्हणून एकच घ्या, फार तर दोन. परवडत नसेल तर खेळायचा पातळ पॉलिएस्टर टी-शर्ट घाला. इथल्या कोरड्या हवेत तो झटकन वाळतो आणि नव्वद टक्के काम करतो. वास तेवढा मारतो.

आता तिबेटी बाजार. नव्या माणसाला नागपूरच्या हिवाळ्याची पहिली खूण इथेच दिसते. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. थंडीच्या तोंडावर शहरात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. कुठे लागलेत ते ऑटोवाल्याला विचारा. पहिल्यांदा गेले तेव्हा वर 'ऊनी कपडे' अशी पाटी होती आणि माझ्या कोकणी डोक्याला कळेना की उन्हाचे कपडे हिवाळ्यात का विकतात! हिंदीत ऊन म्हणजे लोकर. इथली बाजारातली भाषा बरीचशी हिंदीच, लवकर सवय होते.

तिथला माल चांगला असतो, पण बहुतेक माल लोकर नसतो. विचारलंत तर विकणारी बाई सरळ सांगते, "दीदी, लुधियाना का माल है." लुधियाना ही आपल्याकडच्या होजिअरीची राजधानी आणि तिथून येणाऱ्या स्वस्त स्वेटरांत ॲक्रिलिक भरपूर. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारे विणायचे गुंडेही बहुतेक तेच, जुन्या बायका त्याला कॅशमिलॉन म्हणतात. ॲक्रिलिक वाईट नाही. ऑफिसला, लग्नाला, भाजी आणायला उत्तम. फक्त त्यात घाम काढू नका, ओल पोटात घ्यायची युक्ती त्याला येत नाही. खात्री करायची असेल तर घरी आल्यावर आतल्या शिवणीचा एक सुटा धागा चिमट्यात धरून, सिंकवर, काडीने पेटवा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, नाखुशीने जळते आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक भडकतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी उरतो. दुकानात हा प्रयोग करू नका, एकाने केला होता.

आता थर कसे चढवायचे. घराबाहेर पाऊल टाकल्यावर पहिली पाच मिनिटं थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच छान ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय, तो परत ठेवून या. पळणाऱ्याने बाहेर आहे त्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त आहेत असं धरून कपडे घालावेत. पारा पंधराच्या वर असेल, म्हणजे नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत, तर एक पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बस झाला. दहा ते पंधरामध्ये आत मेरिनो आणि वर बिनबाह्यांचा स्वेटर किंवा पुढून चेन असलेलं पातळ काहीतरी. चेन हवीच. डोक्यावरून काढायचा स्वेटर चालता चालता निघत नाही आणि चेन अर्धी उघडली तरी निम्मं काम होतं. दहाच्या खाली गेला की त्यावर विंडचीटर. तो ऊब देत नाही, वाऱ्याने आतली अडकलेली हवा पळवू नये म्हणून असतो. पाय हलत असतात, ते कुरकुर करत नाहीत. ट्रॅक पँट पुरते, अगदी कडाक्याच्या दिवशी आत पातळ थर्मल. कान आणि बोटं मात्र झाकाच. माकडटोपीपेक्षा कानपट्टी बरी, गरम झालं की गळ्यात ओढून घेता येते.

आणि आता जे कोणी सांगत नाही ते. नागपूरची खरी थंडी फुटाळ्यावर नाही, सेमिनरी हिल्सवर नाही, ती तुमच्या स्कूटीवर आहे. आपण सगळे फिरायला जातो ते गाडीवरून. १० अंशात ताशी चाळीसच्या वेगाने गेलात तर अंगाला साधारण ६ अंशांसारखं लागतं आणि तुम्ही हलत नसता, नुसते बसलेले असता. म्हणून गाडीचे कपडे वेगळे आणि चालायचे वेगळे. तो जाड ॲक्रिलिक स्वेटर, शाल, हातमोजे हे सगळं गाडीसाठी. पोचल्यावर डिकीत टाका. मी डिकीत एक कोरडा टी-शर्टही ठेवते. फेरी संपली की पोह्याच्या ठेल्यावर जायच्या आधी ओला काढून तो चढवते. बायकांना उघड्यावर कपडे बदलणं कठीण, म्हणून मी निदान वरचा ओला थर उतरवून शाल लपेटते. मेरिनो आत असेल तर तेवढ्यावर भागतं.

सायकलवाल्यांचा मामला असाच, फक्त वारा समोरून आणि घाम पाठीवर. काटोल रोडला पहाटे जाणारे काही जण छातीवर, स्वेटरच्या आत, कालचं वर्तमानपत्र घडी घालून ठेवतात. हसू नका, वारा अडतो, आणि ऊन वर आलं की काढून टाकता येतं.

बागेत योगासनं करणाऱ्यांनी मात्र माझं वरचं सगळं विसरून जावं. त्यांना घाम येत नाही, अंग थंड होत जातं आणि जमीन तर खालून ऊब ओढतच असते. रबरी मॅटखाली घोंगडी टाका. राठ लोकर इथे कामाला येते. शवासनाच्या आधी स्वेटर अंगात घाला, नंतर नव्हे.

मेरिनो धुण्याबद्दल माझी चूक सांगते म्हणजे तुमची टळेल. पहिला टी-शर्ट मी मशीनमध्ये, गरम पाण्यात, नेहमीच्या पावडरीत धुतला. बाहेर आला तो भाचीच्या मापाचा. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकून बसतात आणि कपडा आवळतो, पुन्हा सैल होत नाही. काही कपड्यांवर मशीनमध्ये चालतं असं लिहिलेलं असतं, ते लेबल वाचा. नाहीतर गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात, हाताने दाबून धुवा. डाग खाणाऱ्या एन्झाइमच्या पावडरी टाळा, त्या लोकरही खातात. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगलात तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.

फेब्रुवारीत थंडी ओसरली की लोकर धुऊनच ठेवायची, कारण कसर घामाच्या, तेलाच्या डागांवर आधी येते. कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या, आणि तोंड नीट बंद होणारी पिशवी. आणि कपाट निवडताना बघा. एप्रिलपासून इथे घरोघरी कूलर लागतो आणि कूलरच्या खोलीत पावसाळ्याआधीच पावसाळा असतो. माझी पहिली शाल त्याच खोलीतल्या कपाटात होती, जूनमध्ये काढली तेव्हा काठाला जाळी पडली होती.