गरोदरपणात एचपीव्ही: चामखिळी, पॅप टेस्ट आणि बाळंतपण

योनीच्या तोंडाशी फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या मऊ चामखिळी आल्या, तर त्या बहुधा एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू) याच्या 6 किंवा 11 या प्रकारामुळे असतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः कारणीभूत असलेले 16 आणि 18 हे प्रकार वेगळे. दिवस गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती आणि हार्मोन बदलतात, त्यामुळे चामखिळी भराभर वाढतात आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप ओसरतात. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तेव्हा आत्ता चामखीळ दिसली म्हणून नवरा-बायकोनं एकमेकांवर संशय घेऊ नये.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि व्हीडीआरएलचा, म्हणजे सिफिलीस या गुप्तरोगासाठीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट झालाय ना, ते बघा. सिफिलीसचे चपटे, ओलसर उंचवटेही असेच दिसतात आणि त्यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर बाळाला धोका असतो.

घरी चुना-सोडा किंवा मेडिकलमधलं चामखिळीचं औषध अजिबात लावू नका. तिथली नाजूक कातडी भाजते. पोडोफायलिन गरोदरपणात वर्ज्य आहे, इमिक्विमॉड क्रीमही टाळतात. दवाखान्यात 80 ते 90 टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचा अगदी थोडा बोळा फक्त चामखिळीवर टेकवतात. ती पांढरी पडेपर्यंत हलायचं नाही. ॲसिड बाजूला ओघळलं तर लगेच खाण्याचा सोडा टाकतात. गरज पडल्यास आठवड्यानं पुन्हा. द्रव नायट्रोजननं गोठवणंही चालतं. लहान, त्रास न देणाऱ्या चामखिळी तशाच ठेवल्या तरी हरकत नाही.

केवळ एचपीव्ही आहे म्हणून सिझेरियन लागत नाही. चामखिळींनी वाट अडवली किंवा खूप रक्तस्राव होण्याची भीती असली, तरच ते करतात. बाळाच्या घशात चामखिळी होणं फार दुर्मीळ, आणि सिझेरियननं ते टळेलच असं नाही. पुढे बाळाचा आवाज सतत घोगरा राहिला किंवा श्वास घेताना घरघर झाली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन केलेली कॅन्सरपूर्व बदलांची तपासणी, गरोदरपणात करता येते. नंतर थोडं रक्ताचं डागणं होऊ शकतं. रिपोर्ट खराब आला तर दुर्बिणीतून गर्भाशयमुख बघतात, म्हणजेच कॉल्पोस्कोपी. कॅन्सरचा संशय नसेल तर पुन्हा तपासणी आणि उपचार बाळंतपणानंतर. ही पुढची तपासणी तान्ह्या बाळाच्या गडबडीत राहून जाते, आणि तिथेच खरा धोका आहे. फाइलवर तारीख आत्ताच लिहून घ्या, डिलिव्हरीनंतर साधारण सहा ते बारा आठवड्यांची.

एचपीव्हीची लस गरोदरपणात घेत नाहीत. नकळत घेतली गेली असेल तर घाबरू नका, गर्भपाताचा विचार तर नकोच. उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्या. अंगावर पाजताना लस चालते.