प्लॉटरवर नवीन आहात? स्केलपट्टी जवळ ठेवा

प्लॉटरवर, म्हणजे मोठे नकाशे काढणाऱ्या प्रिंटरवर, काम शिकायला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मी ए1 आकाराचे बारा नकाशे काढले. रेषा काळ्याभोर, कुठे डाग नाही. संध्याकाळी आमच्या सीनियर ड्राफ्ट्समननी एका नकाशावर स्केलपट्टी ठेवली आणि म्हणाले, "ही भिंत दहा मीटरची ना? इथे तर 9.83 भरतेय." 1:100 च्या नकाशात दहा मीटर म्हणजे कागदावर बरोबर 100 मिमी. माझी रेषा 98 च्या जेमतेम पुढे जाऊन संपत होती. बाराही नकाशे पुन्हा काढावे लागले.

चूक मार्जिनची होती. ए1 म्हणजे 594 × 841 मिमी. पण बहुतेक प्लॉटर कागदाच्या कडेला काही मिलिमीटर छापतच नाहीत; आमच्या मशीनवर ही पट्टी प्रत्येक बाजूला 5 मिमी होती. म्हणजे 594 पैकी छपाईला उरले 584. 'फिट टू पेज' चालू असल्यामुळे सॉफ्टवेअरने अख्खं पान त्या 584 मध्ये बसवलं. 584 भागिले 594 केलं की 0.983 येतं. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो धोक्याचा. साइटवर कुणी त्या नकाशावरून माप घेतलं तर पुढचं सगळंच चुकतं.

तेव्हापासून मी 'फिट टू पेज' बंद आणि स्केल 100 टक्के ठेवतो. मग कडेचा मजकूर कापला जाईल, ही भीती नवीन माणसाला वाटतेच. इथे दोन मार्जिन वेगवेगळी आहेत हे नीट समजून घ्या. एक मशीनचं, दुसरं नकाशाच्या चौकटीचं. आयएसओ 5457 या नकाशाच्या कागदासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चौकट फाइलिंगसाठी डावीकडे 20 मिमी आणि बाकी तिन्ही बाजूंना 10 मिमी आत असते. चौकट अशी असेल तर मशीनचे 5 मिमी रिकाम्या जागेतूनच जातात आणि काहीच कापलं जात नाही. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्लॉटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मार्जिनपाशी मजकूर कापण्याचा पर्याय असतो, तो निवडायचा; कापली जाते ती रिकामी जागाच. नाव मशीनगणिक बदलतं.

पोस्टरसारखं रंग थेट कडेला भिडणारं काम असेल, तर पान मोठं धरून छापायचं आणि नंतर कापायचं. 24 इंची रोल 610 मिमी रुंद असतो. 594 मध्ये दोन्ही बाजूंचे 10 मिळवले तरी 604 होतात, म्हणजे ए1 त्यावर बसतो, पण अगदी काठोकाठ. रोल तिरका लागला असेल तर एक कड हमखास जाते.

कागदाचा आकार फाइलमध्ये एक, ड्रायव्हरमध्ये दुसरा आणि मशीनवर रोल तिसराच, असं फार वेळा होतं. प्रिंट देण्याआधी तिन्ही ठिकाणी बघा. 36 इंची, म्हणजे 914 मिमीचा रोल असेल तर ए1 आडवा फिरवा: 841 ची बाजू रुंदीत बसते आणि दर प्रतीमागे 247 मिमी कागद वाचतो. दिवसभराच्या कामात हा कागद थोडाथोडका नसतो.

आता मी प्रत्येक नकाशाच्या टायटल ब्लॉकशेजारी (नकाशाचं नाव, स्केल वगैरे लिहिलेली चौकट) 100 मिमीच्या दोन रेषा टाकतो, एक आडवी, एक उभी. पहिली प्रत निघाली की दोन्ही मोजतो. दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी भरल्या तर स्केलिंग कुठेतरी चालू राहिलेलं असतं. फक्त रोल पुढे सरकतो त्या दिशेची रेषा चुकत असेल, तर मार्जिनला हात न लावता पेपर फीडचं कॅलिब्रेशन करून घेतो.