कॉट, खाडे आणि देण्याची वही

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला नव्याने आलेल्यांना कुणी नावाने ओळखत नाही, गावावरून ओळखतात. मी 'सांगोला' होते. समोरच्या कॉटवर 'हिंगोली'. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ताई. 2019 च्या जूनमध्ये गादीची वळकटी घेऊन आले तेव्हा माझा हिशोब साधा होता: दोन वर्षं अभ्यास, मग उपजिल्हाधिकारी. आज मी कर सहायक आहे. मधली वर्षं कशी निघाली ते नव्या पोरापोरींसाठी लिहितेय. पुस्तकांची यादी इथे नाही, ती अभ्यासिकेतला कुणीही न विचारता देतो.

11 मार्च 2021 ला कळलं की तीन दिवसांवर आलेली लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्व परीक्षा करोनामुळे पुढे गेली. शास्त्री रस्त्यावर निषेधाला ही गर्दी! शेवटी 21 मार्चला पेपर झाला आणि निकालात अडीच मार्कांनी माझा कट ऑफ हुकला. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. चौथ्या दिवशी ताईने प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी आणि अंतिम उत्तरतालिका माझ्या कॉटवर टाकली. "रडून झालं असेल तर बस."

आम्ही सामान्य अध्ययनाचे शंभर प्रश्न तीन रंगांत वाटले. येत होतं ते हिरवं. येत असून घाईत घालवलं ते निळं. येतच नव्हतं, नुसता तुक्का मारला ते लाल. लाल निघाले 31. त्यातले 5 बरोबर, म्हणजे 10 मार्क मिळाले. 26 चुकले, प्रत्येकी अर्धा मार्क कापला, म्हणजे 13 गेले. ते गोल काळे केलेच नसते तर मी अर्ध्या मार्काने आत होते. नशीब, नियती वगैरे जे काही मी भिंतीला सांगत होते ते सगळं त्या लाल रंगात होतं. नापास झालात तर हे आधी करा, आणि एकट्याने करू नका. स्वतःचा तुक्का आपण हमखास निळ्यात ढकलतो.

ताईचा कट ऑफ अकराने हुकला होता. तिला विचारायचं मला त्या दिवशी सुचलंही नाही.

त्याच पावसाळ्यात गावाकडे डाळिंबावर तेल्या रोग आला, उरलेली झाडं खोडकिड्याने वाळली. अण्णांनी फोनवर एवढंच सांगितलं, "बाग काढली. तू तुझं बघ." ते चिडून बोलले नव्हते, पण पैसे थांबले. मग सकाळी सहाला अभ्यासिका उघडायची, झाडायची, रजिस्टर मांडायचं, त्या बदल्यात खुर्ची फुकट, असं ठरलं. माझ्याच तालुक्यातली मुलं यायची तेव्हा झाडू दाराआड ठेवायचे. महिनाभराने तेही सुटलं.

ताई म्हणाली, टायपिंग लाव. मी फणकारले, साहेब व्हायला आलेय, टायपिस्ट नाही. तिने वाद घातला नाही, फी भरून पावती माझ्या हातात दिली. कर सहायक पदाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट, दोन्ही प्रमाणपत्रं लागतात. हे पद ज्यात येतं त्या गट क ची जाहिरात आल्यावर क्लासकडे धावणारे दरवर्षी दिसतात. तेव्हा उशीर झालेला असतो. पहिल्याच वर्षी उरकून टाका. कमीपणा वाटला तरी.

त्या पावतीपासून मी एक वही घातली. आधी लाजेने, कुणाचे किती द्यायचे ते विसरू नये म्हणून. मग त्यात रुपयांत न बसणाऱ्या नोंदी येऊ लागल्या. 'वाशिम – डेंग्यूत रात्री दोनला रिक्षा.' 'जत – अर्थशास्त्राच्या वह्या, न मागता.' जतवाला आणि मी एकाच पदाला बसत होतो, हे लक्षात घ्या. वाईट दिवसांत मी अभ्यासाचं वेळापत्रक कधीच वाचलं नाही, ही वही वाचायचे.

चहाला कुणाबरोबर जाता याकडेही लक्ष असू द्या. आमच्याकडे एक टोळकं होतं, रोज दीड तास आयोगाला शिव्या. मीही वर्षभर त्यात होते. मन हलकं होतं आणि दिवस जातो. आता 2025 पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, 1750 गुणांची, वर मुलाखतीचे 275. पर्यायांचे प्रश्न एकट्याने सोडवता येत होते. लिहिलेलं उत्तर मात्र आपलं आपल्याला बरंच वाटतं. "दोन पानं लिहिलीस, प्रश्नाला हात कुठे लावलास?" असं तोंडावर म्हणणारं माणूस शोधा.

निवड झाल्यावर वही घेऊन देणी फेडायला निघाले. ताई एव्हाना हिंगोलीला परतली होती, दुकान चालवते. टायपिंगची फी तिने घेतली, मोजून घेतली. बरं वाटलं.

मग मेसच्या काकू. बागेच्या त्या वर्षी सलग चार महिने त्यांनी माझ्याकडून पैसेच मागितले नव्हते. मी पाकीट पुढे केलं तर त्यांनी हात पुसले, मांडणीवरचं जुनं रजिस्टर काढलं आणि माझं पान उघडलं. ऑगस्ट ते नोव्हेंबर, दोन्ही वेळा, रोजच्या चौकटीत फुली.

"हे बघ, तुझे खाडे होते. खाड्याचे कसले पैसे घेऊ?"

त्या चार महिन्यांत मी एकही दिवस जेवायची चुकले नव्हते.