'इम्पॉसिबल'मधला 'म' कुठून आला?

इंग्रजी उपसर्ग शिकवताना मुलांना नुसत्या याद्या पाठ करायला देऊ नका. फळ्यावर 'संत' आणि 'संप' लिहा, मोठ्याने म्हणायला लावा. अनुस्वार तोच, पण पुढे 'त' असला की 'न' ऐकू येतो, 'प' आला की ओठ मिटून 'म' होतो. नकार दाखवणाऱ्या 'इन'चंही अगदी तसंच: इनडायरेक्ट, पण इम्पॉसिबल. लीगल, रेग्युलरच्या आधी तर तो पुढच्या अक्षरातच विरघळतो. इल्लीगलमध्ये बोलताना एकच एल, लिहिताना मात्र दोन का, हे मग मुलं स्वतःच सांगतात. फार छान वाटतं ते ऐकताना! 'अन' मात्र लिहिताना कधीच बदलत नाही, अनपॉप्युलरमध्येसुद्धा. हे त्याच तासाला सांगून टाका.