चर्चच्या साउंडसाठी पोट्टे कसे तयार करायचे

मिक्सरवर दर रविवारी एकच भाऊ बसत असन तर तो कंटाळनच, म्हणून तीन-चार जणांची पाळी लावा, अन सोयाबीन काढणी, कापूस वेचणीच्या दिवसांत आधी विचारून लावा, ग्रुपवर नुसतं नाव टाकून नाही. नवीन पोट्ट्याले आधी वायर गुंडाळायले शिकवा, कोपराभोवती आवळून गुंडाळली की आतून तुटते. मग गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते बटन. गाणाऱ्याले खरोखरच्या आवाजात गाऊ द्या, नुसत्या 'हॅलो चेक'वर सेट केलं तर गाण्यात मिक्सरची लाल लाइट लागतेच, म्हणजे आवाज फाटते. कंडेन्सर माइकले 48 व्होल्टचं फँटम, म्हणजे मिक्सरमधून माइकच्या वायरीतूनच जाणारा करंट लागते, ते चालू-बंद करताना चॅनल म्यूट करायचा. स्पीकरमधून शिट्टी वाजली तर सगळ्यांनी मागे वळून मिक्सरवरच्या पोट्ट्याकडं पाहू नका बावा, पाळकसाहेबांनीही नाही! लाइट गेली तर इन्व्हर्टरवर काय चालू ठेवायचं ते लिहून मिक्सरजवळ चिकटवा.