पुस्तक वाचता वाचता चक्कर येत असेल तर काय करायचं

वाचताना रडू आलं, अंगावर काटा आला, आवंढा गिळावा लागला तर त्यावर काही इलाज शोधत बसायचं नाही, खुशाल येऊ द्यायचं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत, स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे घाम फुटणं, थरथरणं, चेहऱ्याचा रंग उडणं, हे सगळं आपल्याकडे केव्हापासून नोंदवून ठेवलेलं आहे. त्यातला शेवटचा प्रलय म्हणजे शुद्ध हरपणं, आणि मी लिहितोय ते या आठव्या नंबरवाल्यांसाठी.

काही जणांना रक्त, जखम, ऑपरेशन, अवघड बाळंतपण, छळ असलं काही बारकाईने लिहिलेलं वाचलं की डोळ्यापुढे अंधारी येते. १६८९ साली शंभूराजांचे जे हाल झाले त्याची वर्णनं आपल्यातल्या कितीतरी जणांना एका दमात वाचवत नाहीत, कुणी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभं राहतं, कुणाला तर खरंच दरदरून घाम सुटतो. नर्सिंगला किंवा मेडिकलला ॲडमिशन घेतलेल्या पोरापोरींचं नुसतं पुस्तक वाचताना असं होतं आणि मग ती घाबरतात की आपल्याला ही लाइन झेपणार नाही. तसं काही नसतं.

आता आत काय होतं ते आधी समजून घ्या, कारण उपाय त्यावरच आहे. एरवी माणूस घाबरला की छातीत धडधडतं आणि बीपी वाढतं. रक्त-जखमेच्या बाबतीत मात्र बऱ्याच जणांचं आधी थोडं वाढतं आणि मग एकदम खाली येतं, व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचे ठोके हळू करतो, पायाकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साठतं आणि मेंदूला काही क्षण कमी पडतं, झालं, माणूस आडवा. डॉक्टर याला व्हॅसोव्हेगल सिंकोप म्हणतात. यासाठी समोर खरं रक्त लागतच नाही, डोक्यात चित्र स्पष्ट उभं राहिलं की पुरतं, आणि चांगला लेखक नेमकं तेच तर करत असतो. हे घराण्यातही बऱ्यापैकी चालतं, आईवडिलांना विचारून बघा, इंजेक्शन घेताना कोण कोण पडलंय ते. म्हणून "एवढं काय त्यात, पुस्तकच तर आहे, मन घट्ट कर" हे सांगणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करा. चांगले धडधाकट, जिमला जाणारे लोकही पडतात.

सुरुवात ओळखायला शिका. आधी विनाकारण जांभया येतात, हे कुणाच्या लक्षातच येत नाही, वाटतं झोप आली. मग वरच्या ओठावर गार घाम, पोटात ढवळल्यासारखं, कानात गूं आवाज आणि घरातला टीव्ही एकदम लांब कुठेतरी चालू असल्यासारखा वाटतो. पानावरची अक्षरं फिकी पडायला लागतात, कडेने काळं होत येतं. बोटं ओली झालेली असतात, पानाच्या कोपऱ्यावर डाग पडतो त्यांचा. यातलं पहिलं दुसरं लक्षण दिसलं की पुस्तक खाली, "एवढा पॅरा संपवतो आणि थांबतो" हे करायचं नाही.

उभे असाल तर लगेच खाली बसा, जमिनीवर, स्टुलावर नाही. आणि जागा असेल तर सरळ आडवे व्हा, पाय उशीवर किंवा खुर्चीवर उंच. लोकलमध्ये दाराजवळ उभं राहून वाचायची सवय असेल तर अशी पुस्तकं तिथे काढूच नका, गर्दी, उकाडा, तासभर उभं राहणं हे सगळं याला खतपाणी घालतं. तरीही झालंच तर शेजारच्याला "चक्कर येतेय, बसू द्या" एवढं मोठ्याने म्हणा. लाजून तसंच उभं राहिलात तर डोकं आपटेल, आणि यात खरा धोका पडून लागण्याचाच असतो.

आता मुख्य गोष्ट. सगळे सांगतात की दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड. बाकीच्या भीतीला ठीक आहे, पण इथे बीपी आधीच घसरत असतं आणि आपण अंग अजून सैल सोडतो, म्हणजे उलटंच. इथे अंग ताणायचं असतं. लार्स-योरान ओस्ट या स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ही पद्धत बसवली, इंग्रजीत तिला अप्लाइड टेन्शन म्हणतात, आणि करायला एकदम सोपी आहे. बसा, दोन्ही मुठी घट्ट आवळा, दंड, पोट, मांड्या, सगळं एकदम कडक करा, १० ते १५ सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग सोडा, पण पार ढेपाळू नका, नेहमीसारखे बसा २०-३० सेकंद. परत ताणा. असं पाचेक वेळा. ताणताना श्वास कोंडायचा नाही, हे विसरतात लोक. चारचौघात मुठी आवळणं विचित्र वाटत असेल तर पायावर पाय टाकून मांड्या एकमेकींवर दाबा, कुणाला कळतही नाही. हे ठीक असताना रोज थोडं करून ठेवा म्हणजे ऐन वेळी आठवेल. हार्टचा त्रास, हाय बीपी किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरात दुसरं कुणी असं पडलं तर त्याला आडवं राहू द्या आणि पाय उचलून धरा. आपल्याकडे लगेच चार जण धरून बसतं करतात, तोंडात पाणी ओततात, कुणी कांदा फोडून नाकाला लावतं. बसवू नका, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू नका, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. साधारण मिनिटभरात माणूस शुद्धीवर येतो, त्यानंतरही १०-१५ मिनिटं पडून राहू दे, पटकन उठला की परत पडतो. श्वास नीट चालत नसेल किंवा मिनिटभरात शुद्ध आली नाही तर वाट बघू नका, १०८ला फोन करा.

उपाशीपोटी, कमी झोपेवर, उन्हातून आल्या आल्या असलं वाचणं टाळा. चतुर्थीचा कडक उपास आणि हातात युद्धाची कादंबरी, कशाला! आधी पाणी प्या, काहीतरी खा. ऑडिओबुक असेल तर गाडी चालवताना अजिबात लावू नका, वाचताना निदान डोळे उचलता येतात, कानात चालू असलेलं वाक्य मात्र आपल्याला सोडून पुढे जातं. एसटीत वाचताना मळमळतं ते मात्र वेगळं प्रकरण, त्यात मजकुराचा दोष नसतो, डोळे पानावर स्थिर आणि कानातला तोल सांगतो की आपण हलतोय, त्याला उपाय एकच, पुस्तक मिटा आणि लांब बाहेर बघा.

दर वेळी याला पुस्तकावर ढकलून मोकळंही होऊ नका हं. काही न वाचता, अचानक चक्कर येऊन पडलात, पळताना किंवा जिना चढताना पडलात, छातीत दुखलं, धडधडलं, शुद्धीवर आल्यावर बराच वेळ काही सुचेना, किंवा घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलेलं असेल तर डॉक्टरकडे जा, ईसीजी काढून घ्या. जाताना पडायच्या आधी काय काय झालं ते कागदावर लिहून न्या, निम्मं निदान त्यावरच होतं.

आणि ते अर्धवट राहिलेलं पुस्तक? सोडायची गरज नाही. दिवसा वाचा, घरात कुणी असताना, पलंगावर पाय लांब करून. जड पानाच्या आधी दोनदा अंग ताणून घ्या, मग अर्धं पान, परत ताणा, परत अर्धं. आधी हलकी वर्णनं, मग जड, असं चढत गेलं की बऱ्याच जणांना काही दिवसांत फरक पडतो. घरच्या कुणी तेच पुस्तक वाचलं असेल तर विचारून घ्या की कठीण भाग कुठून कुठपर्यंत आहे आणि पेन्सिलीने बारीक खूण करा. लायब्ररीचं असेल तर पेन्सिल नको, बसचं तिकीट घाला मध्ये. आणि नसेलच झेपत तर तेवढी तीन पानं उलटा आणि पुढे चला, लेखक काही परीक्षा घ्यायला येणार नाहीये.