एच२९५आर सेल्समध्ये कॉर्टिसोल मोजताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त वेळ जातो तो एसीटीएचपायी. पिट्युटरीतून एसीटीएच हे हॉर्मोन येतं आणि अ‍ॅड्रिनल कॉर्टिसोल सोडते हे आपण शिकलेलो असतो, म्हणून माणसाच्या अ‍ॅड्रिनल ट्युमरपासून वाढवलेल्या या एच२९५आर सेल्सवर एसीटीएच टाकतो, दोन दिवस थांबतो, आणि आकडा काही हलत नाही. मग हॉर्मोन खराब असेल, किट खराब असेल, नवीन व्हायल मागवा... माझा यात अख्खा महिना गेलाय. अहो, या सेल्समध्ये एसीटीएचचा रिसेप्टर (एमसी२आर) इतका कमी असतो की एसीटीएच आलंय हे त्यांना धड कळतच नाही!

आधी फॉर्स्कोलिन टाकून बघा, १० मायक्रोमोलर बहुतेक वेळा पुरतं. ते रिसेप्टरच्या वाटेला न जाता थेट अ‍ॅडिनायलिल सायक्लेज हे एन्झाइम चालू करतं, सेलमधला निरोप्या रेणू सीएएमपी वाढतो, त्याने पीकेए हे एन्झाइम जागं होतं आणि स्टार प्रोटीन कोलेस्टेरॉल (कॉर्टिसोलचा कच्चा माल) मायटोकॉन्ड्रियाच्या आत न्यायला लागतं. याने कॉर्टिसोल वाढलं तर सेल्स ठणठणीत आहेत, अडचण रिसेप्टरपाशीच. यानेही नाही वाढलं तर पॅसेज नंबर (सेल्स किती वेळा नव्या डिशमध्ये वाढवल्यात तो आकडा) बघा, फार पुढे गेलेल्या सेल्सचं हॉर्मोन बनवणं बदलतं. आणि फॉर्स्कोलिन डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं असतं, तर कंट्रोलमध्येही तेवढंच डीएमएसओ घाला, ०.१ टक्क्याच्या वर नको.

काहीजण मग एसीटीएच ऐकणाऱ्या वाय१ सेल्स आणतात. त्या उंदराच्या आहेत, उंदराच्या अ‍ॅड्रिनलमध्ये कॉर्टिसोल बनवायला लागणारं सीवायपी१७ हे एन्झाइम नसतं, तिथे कॉर्टिसोल शोधून मिळणार नाही.

मीडियम बदलायचा कंटाळा अजिबात करू नका. स्टिरॉइड सेलमध्ये साठवून ठेवलं जात नाही, बनलं की बाहेर पडतं, त्यामुळे ट्रीटमेंटआधी मीडियम बदललं नाही तर कालचं कॉर्टिसोल आजच्या हिशोबात येतं. मीडियममध्ये घालतो त्या सीरममध्येही गाईचं कॉर्टिसोल असतं, म्हणून सेल्स नसलेली एक वेल प्रत्येक प्लेटमध्ये ठेवाच.

कॉर्टिसोल अडवणारं मेटायरापोन वापरत असाल तर एलायझावर (अँटिबॉडीने मोजणाऱ्या टेस्टवर) डोळे झाकून विश्वास नको, कारण त्याने शेवटच्या पायरीचं ११ बीटा हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम अडलं की आधीच्या पायरीचं ११ डीऑक्सिकॉर्टिसोल साचतं आणि बऱ्याच अँटिबॉडी त्यालाच कॉर्टिसोल समजतात, औषध काम करत असूनही आकडा वरच दिसतो. रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं एलसी-एमएस मिळत असेल तर तेच करा.

मायटोटेन या औषधाचं उलट, ते सेल्सच मारतं. कॉर्टिसोल खाली आलं म्हणून खूश होण्याआधी सेल्स जिवंत किती आहेत ते मोजा, आणि आकडा प्रोटीनने भागल्याशिवाय ग्राफ काढू नका.